वीतभर ऐकणारं यंत्र

आमच्या गल्लीत माणसं दोन ठिकाणी चपला काढायची. मारुतीच्या देवळापुढं आणि अंबादासतात्यांच्या यंत्रापुढं. मारुतीपुढं एखादा विसरला तर मारुती काही बोलत नसे. तात्यांच्या यंत्रापुढं विसरला तर यंत्र 'कुंईऽऽ' करून सगळ्या गल्लीला सांगायचं, आणि तात्या वाकून त्या माणसाच्या टाचेकडं बघत म्हणायचे, "खिळा वर आलाय. ठोकून घे, न्हाईतर पायात शिरंल. आता चपला काढ आन बाजूला हो. शास्त्रानं चालू दे."

'शास्त्रानं चालू दे' हे त्यांचं पालुपद. चहा उतू चालला असला तरी तेच, एसटी सुटत असली तरी तेच. साठीच्या अलीकडचा काटकुळा माणूस. डोक्याला रुमाल, अंगात सोसायटीच्या पिठाच्या गिरणीचा खाकी शर्ट, खाली धोतर आणि खांद्यावर यंत्र. गिरणी चालवून उरलेला सगळा वेळ तात्या जमिनीकडं बघत चालायचे. समोरून माणूस आला तरी तो त्यांना पायांवरून ओळखू यायचा.

यंत्र म्हणजे एक वेळूची काठी. खालच्या टोकाला दुरडीचा गोल काठ बांधलेला, त्याच्यावर जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार गुंडाळलेली आणि वरच्या अंगाला झाकण काढलेला ट्रान्झिस्टर सायकलच्या ट्यूबनं आवळलेला. पूर्वी हा ट्रान्झिस्टर शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम ऐकवायचा. आता तो जमिनीतलं ऐकवायचा. मात्र जुनी सवय पुरती गेली नव्हती. मध्येच कुंईकुंई थांबवून 'कापूस, मध्यम धागा' असं काहीतरी म्हणायचा आणि परत जमिनीकडं वळायचा.

या यंत्राचं मूळ माझ्या शबनम पिशवीत आहे. मी तेव्हा लोहारा भागात गावोगाव पत्रकं वाटत होतो. रोजगार हमीच्या कामावरची मजुरी, सोसायट्यांचा कारभार, हुंडा, भानामती, सगळ्यावर माझं पत्रक असायचं. गावानं माझं नावच 'पत्रक' ठेवलं होतं. "पत्रक आलं का?" असं कुणी विचारलं तर ते माझ्याबद्दल की कागदाबद्दल हे मलाही चटकन कळत नसे. तर त्या पिशवीत एकदा विज्ञानप्रसाराची एक पातळ पुस्तिका होती, घरच्या घरी धातुशोधक यंत्र कसं करावं याची. तात्यांनी ती मागून नेली. पुढच्या महिन्यात त्यांच्या घरातलं कापसाचं बोलणं बंद झालं आणि कुंईकुंई सुरू झालं. ग्रामीण भागात विज्ञान रुजतंय या आनंदात मी त्यावरही पत्रक काढलं.

यंत्राला एक मर्यादा होती. त्याला वीतभर खोल असलेलं ऐकू यायचं. वीतभर आणि वर दोन बोटं झाली की ते ठार बहिरं. तात्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट कौतुकानं सांगायचे, "वीतभराच्या खालचं ज्याचं त्याला ठाव."

तेवढ्या वीतभरात त्यांनी गावाचं बरंच काही वर काढलं. बैलांचे नाल, गाडीच्या चाकातल्या कुण्या, विळे, घुंगरं, एका म्हातारीचा वाळा. एकदा सोसायटीच्या गोदामाची किल्ली हरवली. चेअरमन स्वतः तात्यांना बोलवायला आले. तात्या गोदामामागच्या उकिरड्यावर यंत्र फिरवत होते आणि यंत्र असं काही ओरडायला लागलं की माणसं गोळा झाली. किल्लीसाठी एवढा गळा काढायची त्याला सवय नव्हती. उकरून बघितलं तर रेशनच्या पामतेलाचे डबे. हे तेल मागच्याच आठवड्यात वाटून संपलं होतं.

चेअरमन न डगमगता म्हणाले, "ऊन लई झालंय. थंड राहावं म्हणून ठेवलंतं."

तात्या म्हणाले, "शास्त्राला धरून हाय. आता वाटायला बी थंडच असंल."

त्या दिवशी तेल दुसऱ्यांदा वाटलं गेलं. माझं पत्रक दुपारपर्यंत तयार होतं. चेअरमन तेव्हापासून यंत्रापुढं चपला काढायला लागले, आणि खिशातली किल्लीसुद्धा आधी दुसऱ्याच्या हातात द्यायला लागले.

पण तात्यांनी यंत्र केलं ते काही तेलासाठी नाही, विळ्यांसाठीही नाही. ते केलं एका फाळासाठी. हे गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं, कारण त्या फाळात एका घराचा अबोला अडकला होता.

झालं होतं असं. बाहत्तरच्या दुष्काळात सरकारनं आमच्या गावाला पाझर तलाव दिला. तलाव गावाला मिळाला, पण तात्यांच्या शेतात मिळाला. खडी फोडायला सगळं गाव, माती टाकायला सगळं गाव आणि बुडायला एकट्या तात्यांचं रान. विकासाची किंमत समाजानं वाटून घ्यावी असं माझं एक जळजळीत पत्रक आहे, पण मी तेव्हा शाळेत असल्यामुळं ते उशिरा निघालं. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. रान गेलं, म्हणून बैल विकले. नांगर चुलीत गेला. राहिला फक्त फाळ, तात्यांच्या वडिलांच्या वेळचा, बुडाशी तांब्याची मेख मारलेला.

एक दिवस तात्यांनी घरभर शोधला, फाळ दिसेना. त्यांच्या बायकोचे, म्हणजे चंद्राकाकूंचे भाऊ कळंबकडं राहायचे. ते नुकतेच येऊन गेले होते. तात्यांचं डोकं आधीच रान गेल्यानं तापलेलं. पारावर चारचौघांत म्हणाले, "माझा तांब्याच्या मेखेचा फाळ हिनं भावाला देऊन टाकला."

काकू तिथूनच पाणी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी डोक्यावरची घागर पाराच्या कडेला उतरवली, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "फाळ रानात बाभळीबुडी राहिला. आता तळ्यात गेला. ज्या दिशी निघंल त्या दिशी बोलंन तुमच्याशी." घागर उचलली आणि घरी गेल्या.

त्याला तप उलटलं. काकू बोलल्या नाहीत.

बोलल्या नाहीत म्हणजे तोंड बंद होतं असं नव्हे. त्यांच्या दारात मैना नावाची शेळी होती. काकू मैनेला म्हणायच्या, "जेवायला वाढलंय म्हणावं." तात्या मैनेला म्हणायचे, "हात धुऊन आलोच म्हणावं." मैना दोघांचं ऐकून घ्यायची. ती पाला खायला गेली असली की मग भिंतीपलीकडून मला हाक यायची. मी शेजारी राहत होतो आणि मैनेची बदली म्हणून बरीच वर्षं काम केलं. यंत्र आल्यापासून दुपारी काकू तात्यांची भाकरी घेऊन जायच्या, ते जिथं यंत्र फिरवत असतील तिथं. थोडं लांब बसायच्या. तात्या जेवायचे, काकू दुसरीकडं बघितल्यासारखं करून त्यांच्याकडं बघायच्या. मग भांडं घेऊन दोघं मागंपुढं घरी यायची. गावात भांडण नसलेली घरं मी पुष्कळ पाहिली, पण रोज दुपारी अशी जोडीनं फिरायला निघालेली दुसरी दोन माणसं पाहिली नाहीत.

मला मात्र तेव्हा हे असह्य व्हायचं. 'अबोला : घराघरांतली सरंजामशाही' असं एक पत्रक मी काढलं आणि काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी ते सगळं ऐकलं. दाणे निवडायचं थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "चांगलं लिव्हलंस बाबा. पण ह्यात फाळ कुठं हाय त्ये लिव्हायचं राहिलं."

मग आला शहाऐंशी सालचा दुष्काळ. पाऊस नुसता तोंड दाखवून गेला, आणि पोळ्याच्या आत तलाव तळाला टेकला. गावाचं पाणी गेलं, टँकरपुढं रांगा लागल्या, निम्मी जनावरं छावणीत गेली. पण तात्यांचं रान वर आलं. गाळ बसला होता, बांध ओळखू येत नव्हते, पण मधोमध बाभळीचं काळं खोड तसंच उभं होतं. आख्ख्या पंचक्रोशीत त्या साली दुष्काळानं ज्याला काही परत दिलं असा एकच माणूस होता.

गाव म्हणालं, "तात्या, आता काढा की फाळ. पोरं लावा, खोरी लावा, दुपारपर्यंत बाभळीबुडचं सगळं रान उपसू."

तात्या म्हणाले, "उकरायचं न्हाय. खोऱ्यानं फाळाला इजा हुईल. शास्त्रानं चालू द्या."

यंत्र त्यानंतरच तयार झालं, आणि मग जे शास्त्र सुरू झालं ते संपेना. चुन्याच्या रेघा मारून तात्या रोज रानाचा एक पट्टा बघायचे. वारा सुटला की चुना उडायचा, की पुन्हा पहिल्या पट्ट्यापासून. बाभळीच्या खोडाभोवती बघून झालं तेव्हा म्हणाले, पाण्यानं वाहत लांब गेला असेल. मी म्हणालो, तात्या, लोखंड वाहत नाही. ते म्हणाले, "लोंढा बघितला न्हाईस तू. तवा शाळेत हुतास." संध्याकाळी गावात आले की पारापुढं उभे राहून, घरात ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचे, "आज बी वीतभरात न्हाय. खाली आसंल."

अशात त्यांचा पुतण्या सुधाकर आखातातून रजेवर आला. तिकडं तो तेलाच्या कंपनीत पाइपांच्या कामावर होता. चुलत्याचं यंत्र बघून तो आधी पोट धरून हसला आणि मग त्याला भरून आलं.

"तात्या, हे टाका. तिकडं जमिनीतले पाइप हुडकायची मशीन मिळतात. दोन हात खोल ऐकतात. कानाला लावायचं, काट्यावर बघायचं, एका दिवसात सगळं तळं बघून होईल. नुसतं हो म्हणा. मी गेल्या गेल्या माणसाबरोबर पाठवून देतो."

तात्यांनी आपल्या दुरडीच्या काठावरची तार सारखी केली. "बघू," म्हणाले.

त्या 'बघू'वर पुढचा महिना गेला. सगळ्या गावाला तेवढंच काम होतं, कारण दुसरं कुठलं काम नव्हतं. तात्या कधी म्हणायचे, परदेशी मशीनला आपली काळी माती कळायची नाही, तिला वाळूची सवय. कधी म्हणायचे, कानाला लावून ऐकायचं मशीन आहे, मग बाकीच्यांना ऐकू कसं येणार, एकट्यानं ऐकणं बरं नव्हे. हा मुद्दा मला लोकशाहीचा वाटला आणि पटलाही. कधी म्हणायचे, त्याचे सेल लोहाऱ्यात मिळतील का. सुधाकर म्हणाला, सेल मी वर्षाचे पाठवतो. तात्या म्हणाले, "मग वर्सानं?"

शेवटी हा प्रश्न सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आला. चेअरमनना यंत्र हवं होतं. गावच्या पडक्या गढीत मोहरांचा हंडा आहे असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी ठराव मांडला, की नव्या मशीनचा भार सोसायटी उचलेल, फक्त आठवड्यातून एक दिवस ते गढीत फिरवायचं. मी उठून सांगितलं की गढीत सापडेल ते चेअरमनचं नसून समाजाचं असेल. चेअरमन म्हणाले, "समाज म्हंजे सोसायटीच की रं, पत्रका." मी म्हणालो, "पामतेलाच्या वेळी समाज उकिरड्यात होता." त्यावर गलका झाला. गलका थांबल्यावर मी मशीनच्या बाजूनं बोललो, अर्धा तास. विज्ञान पुढं जातं, माणसानं वीतभरावर थांबू नये, एका घराचा अबोला एका दिवसात सुटत असेल तर जुन्या काठीला कवटाळून बसणं ही अंधश्रद्धा आहे. टाळ्या पडल्या. ठराव एकमतानं मंजूर होणार होता.

तात्या उठले. म्हणाले, "समद्यांचं खरं हाय. मी येळ अमुश्याला सांगतो." आणि बसले.

वेळा अमावस्येच्या दुसऱ्याच दिवशी सुधाकर परत जाणार होता. म्हणजे ती शेवटची मुदत.

सभेची बातमी मीच काकूंना सांगितली. त्या वरण घोटत होत्या. मला वाटलं त्या खूश होतील.

"सुधाकरच्या मशीनला किती खोल ऐकू जातं रं?"

"दोन हात, काकू."

"दोन हात म्हंजे समदंच की."

"सगळंच. फाळ असला तर सुटत नाही."

"आन नसला तर?"

"तर नाही हे नक्की कळेल. हीच तर विज्ञानाची ताकद आहे."

काकूंनी वरणाचं भांडं उतरवलं ते चुलीशेजारच्या राखेत. मग ते वरण त्यांनी मैनेला घातलं. आनंदात भान राहिलं नसावं असं मला वाटलं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला माणसं वाचता येतातच असं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तलावाच्या भिंतीवर गेलो. तात्या यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. खाली त्यांचं रान. गाळाला जरा ओल होती, तिथं त्यांनी हरभऱ्याच्या चार ओळी टाकल्या होत्या. कागदावर ती जमीन सरकारची होती. हरभऱ्यानं काही कागद बघितला नव्हता.

मी तापलो होतो. म्हणालो, "तात्या, काकू तिथं झुरताहेत आणि तुम्ही काळी माती, सेल, कान अशी कारणं काढताय. तुम्हाला फाळ सापडायला नको आहे का?"

"न्हाय," तात्या म्हणाले.

मी पुढची तीन वाक्यं तयार करून आलो होतो; पिशवी बाजूला ठेवून खाली बसलो.

"फाळ तळ्यात न्हायच, पत्रका. हिच्या भावाकडं हाय. अबोला धरला त्याच्या दुसऱ्या वर्साला त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो. पंगतीत बसलो तर म्होरं भितीला नांगर उभा. फाळाला तांब्याची मेख. चकचकीत. हिनं दिलाच हुता की. त्याच्याकडं बैलं हुती, फाळ न्हवता. माझ्याकडं रानच न्हवतं. द्यायलाच पायजे हुता. म्या मागचापुढचा इचार न करता पारावर बोललो, मग ती तरी काय करंल."

"मग?"

"मग काय. पत्रावळ फिरवली आन पाठ करून बसलो. वाढप्याला वाटलं पाव्हणा रुसला. जिलबी दोनदा आणली."

मी विचारलं, "काकूंना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? खोटं बोललीस म्हणून?" तात्यांनी ट्रान्झिस्टरवरची धूळ पुसली. "तळ्यात पाणी हुतं तवर बरं हुतं. तळ्यात हाय म्हणलं की तळ्यात हाय. मग मेलं तळंच आटलं. गाव म्हणतंय उकरा. उकरून न्हाय निघाला तर ती चारचौघांत खोटी पडती. म्हणून हे काढलं." त्यांनी यंत्राला थापटलं. "ह्याला वीतभरच ऐकू येतं. वीतभरात न्हाय म्हंजे खाली आसंल. खाली आसंल म्हंजे ती खरी. तुझं नवं मशीन दोन हात ऐकतं. दोन हातांत बी न्हाय निघाला तर म्या पारावर काय सांगू?"

मला तेव्हा तरुण वयात सुचायचे तसे उपाय भराभर सुचत. म्हणालो, "तात्या, आपल्या लोहाराच्या दाराला अडण म्हणून एक जुना फाळ टेकवलेला असतो. नाकाचा टवका उडालेला. तो आणतो. पुरू आणि काढू. अबोला सुटेल."

तात्या हसले. "तिला ठाव हाय की रं, तिथं न्हाय म्हणून. म्या काढून दावला तर तिला कळंल, मला समदं ठाव हाय. मग ती माझ्याकडं वर मान करून बघंल का? न बोलता बघती तरी आता."

भिंतीच्या खालून काकू भाकरी घेऊन येताना दिसल्या. तात्या उठले, यंत्र सुरू केलं आणि मी तिथं नाहीच अशा थाटात चुन्याच्या रेघेवरून चालायला लागले.

वेळा अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळे आपापल्या रानात. कडब्याची खोपटी, म्हणजे कोप करायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं खायचं आणि जो येईल त्याला खाऊ घालायचं. त्या साली बहुतेक रानांत करपलेली ताटंच होती आणि भज्जीत भाज्यांपेक्षा पाणी जास्त होतं. पण तलावाच्या पोटात तात्यांनी तप उलटल्यावर पहिल्यांदा कोप उभी केली होती. कडबा माझ्या घरचा. सुधाकर आला, चेअरमन आले, गल्लीतली दहा-पंधरा माणसं आली. सगळ्यांना जेवणापेक्षा जबाबाची भूक होती. काकूंनी पांडवांना हळदकुंकू लावलं. तात्या जवळच होते, पण दोघांच्या मध्ये पाच पांडव आणि मैना होती.

जेवणं झाली. सुधाकरनं हात धुतले आणि विचारलं, "मग तात्या, हो की नाही?"

तात्या उठले. चेहरा उतरला होता. म्हणाले, "आंबील शिंपून हूं दे. शास्त्रानं चालू दे."

रानाभोवती आंबील शिंपत फिरायची रीत आहे. काकू आंबिलीचं मडकं, म्हणजे मोगा घेऊन पुढं निघाल्या, आंब्याच्या डहाळीनं शिंपत. मागं तात्या. हातात काही नको म्हणून की सवय म्हणून, त्यांनी यंत्र घेतलं होतं. त्यांच्यामागं आम्ही सगळे, अनवाणी. काकू रानाच्या कडेकडेनं जायच्या सोडून मध्येच वळल्या आणि सरळ बाभळीच्या खोडाकडं गेल्या. खोडाच्या अलीकडं एके ठिकाणी त्यांनी आंबील जरा जास्तच शिंपली आणि थबकल्या. तात्यांचं यंत्र त्या ओल्या जागेवरून गेलं.

कुंईऽऽ.

ती जागा तात्यांनी कितीदा तरी बघितली होती. चुन्याची रेघ अजून फिकट दिसत होती. ते तसेच उभे राहिले. मग बसले, हातानंच माती बाजूला केली. माती भुसभुशीत होती. बरोबर वीतभर खाली फाळ होता.

तात्यांनी तो वर काढला. गंजलेला, मातीनं भरलेला. नाकाचा टवका उडालेला. मला एकदम आठवलं, सकाळी लोहाराच्या दाराला एक धोंडा टेकवलेला होता.

तात्यांनी धोतराच्या सोग्यानं फाळ पुसला. फार हळू पुसला. पुसताना त्यांचा अंगठा बुडाशी गेला आणि जिथं तांब्याची मेख असायला हवी होती तिथं झाकण घातल्यासारखा बसला.

"ह्योच," ते म्हणाले. "माझाच हाय."

आणि काकू बोलल्या. मैनेशी नाही, माझ्याशी नाही. सरळ तात्यांकडं बघून. "म्हणलं न्हवतं का, रानात राहिला म्हणून."

"व्हय," तात्या म्हणाले. "माझंच चुकलं."

बायकांनी डोळ्याला पदर लावले. सुधाकर नाक ओढायला लागला. सगळं चांगलं चाललं असताना चेअरमन पुढं वाकले. पामतेल वर आल्यापासून त्यांचा या यंत्रावर जरा दात होताच.

"तात्या, तुमच्या फाळाला तांब्याची मेख हुती ना? समद्या गावाला सांगितली हुती. कुठं गेली?"

सगळे अंगठ्याकडं बघायला लागले. काकूंच्या हातातली डहाळी थांबली. तात्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी आजवर काढलेल्या प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर एक ओळ छापलेली असते, सत्य सांगा आणि मोठ्यानं सांगा. मी ते मोठ्यानंच सांगितलं.

"चेअरमन, गाळाच्या पाण्यात इतकी वर्षं राहिल्यावर तांबं विरघळतं. लोखंड राहतं, तांबं जातं. पुस्तिकेत दिलेलं आहे."

"खरं का काय?"

"शास्त्र आहे," मी म्हणालो.

चेअरमननी मान हलवली. पुस्तिकेपुढं त्यांचं काही चालेना. काकूंनी येऊन माझ्या हातावर एक उंडा ठेवला. मग थोडं थांबून आणखी एक.

सुधाकरला नवं मशीन आणायला कारणच उरलं नाही. गढीचा हंडा अजून गढीतच आहे. गंजका फाळ तात्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवला, आणि काकू रोज त्याला हळदकुंकू लावायच्या. लोहार एकदा उंबऱ्यापर्यंत येऊन, बघून, काही न बोलता परत गेला. मैनेला कुणी विचारेना. ती काही दिवस दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघायची, मग तिनं नाद सोडला. काकूंचं बोलणं मात्र तपभर साठलेलं होतं. कोण कुणाच्या लग्नात काय बोललं, कुठल्या साली कुठली भाजी खारट झाली होती आणि तात्यांनी ती कशी गपगुमान खाल्ली, सगळं भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. तात्या हूं हूं करायचे. यंत्र दाराशी उभं असायचं, त्यातून कधीमधी कापसाचा भाव यायचा.

एक दिवस न्याहारीच्या वेळी मी अंगणात पत्रकांच्या घड्या घालत होतो. पलीकडं काकूंची भाकरी थापायची थाप चालू होती. थाप थांबली.

"आवं, एक इचारू का? माझ्या भाचीच्या लग्नात तुमी पंगतीत पाठ करून का बसला हुता?"

"ऊन तोंडावर येत हुतं," तात्या म्हणाले.

"मांडव हुता की."

भिंतीपलीकडून भाकरी करपल्याचा वास आला. मग काकूंचा आवाज आला, इतका खालचा की मला कान द्यावा लागला.

"ही करपली. थांबा, दुसरी देते. बसा."